निकेल उत्प्रेरक, रेणवीय

निकेल उत्प्रेरक, रेणवीय : हायड्रोजनाच्या रेणूचे दोन प्रोटॉन व दोन इलेक्ट्रॉन यांत विभाजन (ऑक्सिडीभवन) घडवून आणणारी निकेलाची जटिल संयुगे. ही विक्रिया इंधन-विद्युत् घटाचा पाया आहे. मौदा (जि. नागपूर) येथील २,३२० मेगॅवॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेने वाफ करून टरबाइन फिरवावे लागते, घटात मात्र रासायनिक ऊर्जेचे विजेत थेट रूपांतर होते. डब्ल्यू. आर. ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांपासून या कामी मुख्यतः प्लॅटिनम वापरले जाते. ते दुर्मिळ व महाग असून हायड्रोजनातील अल्पशा कार्बन मोनॉक्साइडानेही त्याची क्रियाशीलता घटते.

काही सूक्ष्मजंतू हीच विक्रिया प्लॅटिनमाशिवाय घडवितात. त्यांतील हायड्रोजनेज या एंझाइमाचे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे) वर्णन मार्जरी स्टीफेन्सन व एल. एच. स्टिकलंड यांनी १९३१ मध्ये केले. त्याच्या एका प्रकारात निकेल असते व त्याची संरचना १९९५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. तथापि धातूच्या स्थानाची नुसती नक्कल करणारी बहुतेक संयुगे निष्प्रभ ठरली.

अमेरिकेतील डी. एल. ड्युबॉइस व त्यांचे सहकारी यांनी निकेलाभोवती फॉस्फरसयुक्त वलये योजून त्यांत निकेलालगत, पण त्याला न जोडलेला अमाइन गट ठेवला. ही कल्पना केवळ लोह असलेल्या हायड्रोजनेजावरून सुचली होती. रेणू दुभंगताना प्रोटॉन अमाइन गटाकडे व हायड्राइड निकेलाकडे जातो. फॉस्फरसावर फिनिल गट असल्यास संयुग हायड्रोजननिर्मितीकडे झुकते, तर सायक्लोहेक्झिल गट असल्यास ऑक्सिडीभवनाकडे. २००६ मध्ये वर्णिलेल्या अशा संयुगाची गती एका वातावरण दाबाखाली सेकंदास सु. १० आवर्तने होती. नायट्रोजनावरील गट बदलून ती पुढे सु. ५० झाली.

यानंतर प्रोटॉन बाहेर नेणे हाच अडसर असल्याचे दिसून आले. रिचलंड (वॉशिंग्टन राज्य) येथील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत वेंडी शॉ, अर्णब दत्ता इत्यादींनी २०१३-१४ मध्ये वलयांना ग्लायसीन, आर्जिनीन यांसारखी ॲमिनो अम्ले जोडून प्रोटॉनांसाठी मार्ग निर्माण केला. ही संयुगे पाण्यात कार्य करतात. आर्जिनीनयुक्त संयुग उच्च तापमानास विक्रिया दोन्ही दिशांनी घडविते. दत्ता यांनी पुढे मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत अध्यापन व संशोधन केले. ग्रनॉबल (फ्रान्स) येथील व्ही. आर्टेरो व सहकारी यांनी २००९ मध्ये अशी संयुगे कार्बनाच्या सूक्ष्मनलिकांवर बसविली. त्यांच्या २०११ मधील संयुगांवर कार्बन मोनॉक्साइडाचा अनिष्ट परिणाम होत नसल्याचे आढळले.

टिकाऊपणात ही संयुगे अद्याप प्लॅटिनमाच्या मागे आहेत. तरीही उत्प्रेरकाचे सामर्थ्य केवळ धातूच्या मोलावर नव्हे, तर त्याच्या परिसराच्या रचनेवरही अवलंबून असते, हे त्यांनी सिद्ध केले आहे.