डोळे : रचना, कार्य आणि दृष्टिदोष

डोळ्याची तुलना नेहमी कॅमेऱ्याशी केली जाते. परंतु ती काही अंशीच खरी आहे. प्रतिमा डोळ्यात उमटते, पाहण्याचे काम मात्र मेंदू करतो. म्हणूनच काही दृष्टिदोष चष्म्याने दूर होतात, तर काही वेळीच न ओळखल्यास कायमचे राहतात.

डोळ्याचे कार्य

प्रौढ व्यक्तीच्या नेत्रगोलाचा व्यास सुमारे २४ मिलीमीटर असतो. प्रकाश प्रथम पारपटल या पारदर्शक पडद्यातून आत शिरतो. किरण एकत्र आणण्याचे जवळजवळ दोन-तृतीयांश काम येथेच होते. रंगीत परितारिका बाहुली लहान-मोठी करून प्रकाशाचे प्रमाण राखते. त्यामागील नेत्रभिंग जवळची वस्तू पाहताना फुगीर, तर दूरची पाहताना चपटे होते. अखेर दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते. हे खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस केप्लर याने १६०४ मध्ये मांडले. तेथील सुमारे १२ कोटी दंडपेशी अंधुक प्रकाशात काम करतात, तर सुमारे ६० लाख शंकुपेशी उजेडात रंग व बारकावे टिपतात. दृष्टिचेतेमार्फत हे संदेश मेंदूकडे जातात.

चष्म्याचे दोष

निकटदृष्टितेत नेत्रगोल बहुधा प्रमाणापेक्षा लांब असतो व दूरचे अस्पष्ट दिसते. एक मिलीमीटर लांबीनेही चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने बदलतो. यावर अंतर्गोल भिंग वापरतात. दूरदृष्टितेत नेत्रगोल आखूड असतो. त्यासाठी बहिर्गोल भिंग लागते. पारपटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसल्यास 'सिलिंडर'चा नंबर येतो. चाळिशी हा रोग नव्हे. वयोमानाने नेत्रभिंगाची लवचिकता कमी झाल्याचा तो परिणाम आहे.

मोतीबिंदू आणि काचबिंदू

नावे सारखी असली, तरी या दोन विकारांत मोठा फरक आहे. मोतीबिंदूत नेत्रभिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसविल्यास बहुतेकांना पुन्हा चांगले दिसते. काचबिंदूत मात्र दृष्टिचेतेची हानी होते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. त्याच्या नेहमीच्या प्रकारात वेदना नसतात. आधी कडेची नजर कमी होते व एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, त्यामुळे रुग्णाला पत्ता लागत नाही. चाळिशीनंतर डोळ्यांतील दाब व दृष्टिचेता तपासून घ्यावी. घरात कोणाला काचबिंदू असल्यास ती अधिक काटेकोरपणे तपासावी. मधुमेहींनी दरवर्षी दृष्टिपटल तपासून घेणे आवश्यक आहे.

मुलांचे डोळे

बालपणी एका डोळ्याला अंधुक दिसत असेल किंवा तिरळेपणा असेल, तर मेंदू त्या डोळ्याचे संदेश दुर्लक्षू लागतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. दुसरा डोळा चांगला असल्याने मूल तक्रार करीत नाही. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून उपचार केल्यास उत्तम गुण येतो. पुढे तो कठीण होत जातो. त्यामुळे शाळेत घालण्यापूर्वी मुलाची दृष्टी एकेक डोळा झाकून तपासावी. पाच मिनिटांची ही तपासणी पुढील आयुष्याची दृष्टी वाचवू शकते.