कदीम जालना, सुताराचा रंधा आणि नकाशावरचा रंग

आपण बोलताना 'जुना जालना' म्हणतो. पण इथल्या पोलीस ठाण्याचं नाव आजही 'कदीम जालना' असंच आहे. कुंडलिका नदीच्या एका काठावर हा कदीम भाग, दुसऱ्या काठावर कादराबाद आणि नवा जालना. 'कदीम' हा शब्द निजामी दफ्तरातून आला आणि पाटीवर राहून गेला. त्याचा साधा अर्थ 'जुना'. मात्र इस्लामी कायद्याच्या परंपरेत या शब्दाला एक खास वजन आहे, आणि त्याचा संबंध आमच्या गल्लीतल्या एका सुताराशी कसा येतो, ते या लेखात सांगायचं आहे.

आमच्या गल्लीत एक सुतार चाचा आहेत. घराच्या पुढच्या पडवीत त्यांचं काम चालतं. वडिलांच्या काळात वाकस, करवत, पटाशी आणि हातरंधा एवढीच हत्यारं होती. आता कटर आहे, रंध्याचं मशीन आहे. मदतीला मुलगा आणि एक शागिर्द. मध्यंतरी ते कर्जासाठी एका बँकेत गेले. तिथे विचारलं गेलं, "जागेचा वापर रहिवासी की औद्योगिक? घरात कारखाना चालवायची परवानगी आहे का?" चाचा परत आले आणि म्हणाले, "बेटा, आपल्याच घरात रंधा मारायला परवानगी कुणाची?"

प्रश्न साधा वाटतो. त्याचं उत्तर शोधताना मात्र बराच इतिहास चाळावा लागतो.

घर आणि कारखाना एकच होते तेव्हा

जालन्याच्या नावाची एक दंतकथा गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. इथल्या एका श्रीमंत मुसलमान विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या, विनंतीवरून गावाला 'जालना' हे नाव पडलं, असं ती कथा सांगते. कथा खरी की खोटी, हा वेगळा विषय. पण गावाला आपलं नाव एका कारागिरावरून पडलं असं सांगावंसं वाटलं, हे महत्त्वाचं. तो जुलाहा कुठे विणत असेल? घरातच. माग घरात, बायका-मुलं सूत भरायला, गिऱ्हाईक दारात. गावगाड्यातल्या बलुतेदार सुताराचंही तेच. त्याची कामाची जागा म्हणजे घराचं अंगण.

म्हणून तेव्हा काहीच नियम नव्हते, असं समजू नये. अकबराचे मंत्री अबुल फजल काही काळ जालन्यात राहिले होते, असं जुनं गॅझेटियर सांगतं. त्यांच्या 'आईन-ए-अकबरी'त कोतवालाच्या कामांची यादी आहे. प्रत्येक धंद्याच्या कारागिरांवर एक मुखिया नेमावा, अशी सूचना तीत आहे. खाटीक, शिकारी, मृतांना अंघोळ घालणारे आणि झाडूवाले यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवाव्यात, असंही ती सांगते. म्हणजे शहराचे भाग पाडण्याची कल्पना जुनीच आहे. ती नेहमी निर्मळ नव्हती, हेही मान्य केलं पाहिजे. आवाज आणि घाणीइतकाच माणसाचा दर्जाही त्या रेषा ठरवत होता. सुतार मात्र त्या यादीत नाही. त्याला वस्तीत जागा होती.

शेजाऱ्याचा हक्क

मग सुताराच्या ठोकाठोकीने शेजाऱ्याला त्रास झाला तर? आपल्या फिकहने या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. कुणाचं नुकसान करू नये आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसानही करू नये, या अर्थाची हदीस सर्वांना माहीत आहे. तिच्या पायावर शेजाऱ्यांच्या हक्कांचा मोठा कायदा उभा राहिला. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये इब्न अर-रामी नावाचे एक गवंडी होऊन गेले. काझी बांधकामाच्या भांडणांत त्यांचा सल्ला घेत. धूर, वास, हादरे, भिंत, खिडकी अशा तक्रारींचे निवाडे त्यांनी एका ग्रंथात जमवले.

पुढे १८६९ ते १८७६ या काळात उस्मानी तुर्कांनी हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' ही दिवाणी संहिता तयार केली. शेजाऱ्याच्या घराला लागून लोहाराची भट्टी किंवा गिरणी काढली आणि हादऱ्यांनी त्याचं घर खिळखिळं होऊ लागलं, तर तो त्रास दूर करावाच लागेल, असं ती सांगते. पण दुसरी बाजूही तिने सांभाळली. लोहाराचं दुकान आधीपासून असेल आणि कुणी नंतर येऊन त्याच्याशेजारी घर बांधलं, तर त्या नव्या माणसाला भट्टी बंद करा म्हणता येत नाही.

इथे 'कदीम' हा शब्द येतो. जे कदीम आहे ते तसंच राहू द्यावं, असं मजल्लाचं एक सूत्र आहे. त्याला लागूनच दुसरं सूत्र येतं, की नुकसान कितीही जुनं झालं तरी ते कदीम ठरत नाही. पहिलं सूत्र सुताराच्या बाजूचं, दुसरं शेजाऱ्याच्या. दोन्ही एकत्र वाचली तरच न्याय होतो. मजल्ला भारतात कधी लागू नव्हती. तिच्यामागचा विचार मात्र आपल्या मोहल्ल्यांच्या रीतीत दिसत आला. दुपारच्या झोपेच्या वेळी ठोकाठोक थांबायची, भुसा शेजाऱ्याच्या दारात जाऊ द्यायचा नाही, हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

नकाशा आला

युरोपात कारखाने वाढले तशी मोहल्ल्याची रीत अपुरी पडली. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या सरकारने १५ ऑक्टोबर १८१० रोजी हुकूम काढून त्रासदायक धंद्यांचे तीन वर्ग केले. काही वस्तीपासून दूर, काही अटींवर वस्तीत, बाकीचे देखरेखीखाली. जर्मनीत फ्रँकफर्ट शहराने १८९१ मध्ये शहराचे विभाग पाडून प्रत्येकाला वेगळे नियम लावले. आता प्रश्न बदलला. शेजाऱ्याला त्रास होतो का, याआधी तुमचं घर नकाशावर कोणत्या रंगात आहे, हे विचारलं जाऊ लागलं.

यातला धोका अमेरिकेत लवकर दिसला. सॅन फ्रान्सिस्कोत १८८० मध्ये ठराव झाला, की लाकडी इमारतीत धुलाईघर चालवायचं तर परवानगी घ्या. कारण आगीचं, म्हणजे रास्तच. शहरात सुमारे ३२० धुलाईघरं होती आणि त्यांतली सुमारे २४० चिनी माणसांची. परवानगी मागणाऱ्या जवळपास २०० चिन्यांना नकार मिळाला आणि इतर सुमारे ८० अर्जदारांपैकी जवळजवळ सगळ्यांना होकार. यिक वो खटल्यात १८८६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कायद्याची भाषा समान असली तरी अंमल भेदभावाचा असेल तर तो चालणार नाही. अल्पसंख्य कारागिरांनी हा खटला लक्षात ठेवावा. परवानगी अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिली की ती कुणाला नाकारली जाईल हे आधीच ठरलेलं असतं. नियम आकड्यांत लिहिलेला असला तर निदान त्यावर बोट ठेवता येतं.

आपल्याकडे नगररचनेचा पहिला कायदा १९१५ चा, मुंबई प्रांताचा. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो इथवर आला नाही. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. त्यानंतर आला १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा. त्यात 'विकास' या शब्दाचा अर्थ फक्त बांधकाम नाही. इमारतीच्या वापरात मोठा बदल करणं हाही विकासच, आणि त्याला परवानगी लागते. चाचांच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर इथे आहे.

पाऊण किलोवॅटचं घर

सध्या मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. रहिवासी विभागात घरगुती पारंपरिक व्यवसाय चालतो, असं ती मान्य करते. अटी दोन. काम घरच्याच माणसांनी करावं, पगारी मजूर नको. आणि यंत्र वापरलं तर विजेचा भार ०.७५ किलोवॅटच्या आत. म्हणजे साधारण एक अश्वशक्तीची एक मोटर. याहून मोठं काम सेवा उद्योगात मोडतं. त्यासाठी वीज, माणसं आणि जागा यांच्या वेगळ्या मर्यादा आहेत.

चाचांची पडवी या मापाने मोजून पाहा. कटर आणि रंध्याचं मशीन एकदम चालवलं की पाऊण किलोवॅट ओलांडला. मुलगा घरचा, पण शागिर्दाला आठवड्याला पैसे दिले की तो पगारी मजूर. आपल्याकडे सुतारकी शाळेत नव्हे, उस्तादाच्या हाताखाली शिकली गेली. गरिबाचं पोर दहा वर्षं भुसा झाडत झाडत मिस्त्री झालं. नियमावलीच्या या ओळीत त्या पोराला जागा नाही.

आकडा माणसांनीच ठरवलेला असतो आणि माणसं तो बदलू शकतात. दिल्लीत रहिवासी भागातले उद्योग बंद करण्याच्या कारवाईविरुद्ध नोव्हेंबर २००० मध्ये कामगार रस्त्यावर उतरले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे उद्योग हटवण्याचा पुन्हा आदेश दिला. पण २००७ च्या दिल्लीच्या बृहद् आराखड्याने घरगुती उद्योगांना ५ कामगार आणि ५ किलोवॅटपर्यंत मुभा दिली. दिल्लीच्या गल्लीत ५ चालतात, तर जालन्याच्या गल्लीत पाऊणच का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

चाचांना मी काय सांगितलं

पहिलं, घराचा झोन दाखला काढा, म्हणजे नकाशावर आपला रंग कोणता हे कळेल. दुसरं, 'उद्यम' नोंदणी किंवा २०२३ ची पीएम विश्वकर्मा योजना यांचे कागद उपयोगी आहेत, विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहेच. पण ते जागेच्या वापराची परवानगी नव्हेत. तिसरं, जालन्यात २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. महापालिका कायद्याच्या कलम ३७६ खाली काही धंद्यांना वेगळा परवाना लागतो, त्याची चौकशी करा. चौथं, ओंडके चिरायचं मनात आणू नका. ती सॉ मिल झाली, आणि १९९६ च्या गोदावर्मन खटल्यापासून तिच्यावर वन खात्याचं कडक नियंत्रण आहे.

आणि पाचवं, वडिलांच्या काळापासूनची वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, गिऱ्हाइकांना दिलेली जुनी बिलं, जे सापडेल ते एका फाइलीत लावा. आराखड्याच्या आधीपासून कायदेशीर चालत आलेल्या वापराचा विचार नियमातही होतो. मात्र तो सिद्ध करावा लागतो. कदीम असणं पुरेसं नाही, कदीम असल्याचा कागद हवा. आपले किती कारागीर केवळ कागद नसल्यामुळे कालचे उपरे ठरले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले आणि आधी शेजारच्या घरी गेले. तिथे नुकतंच बाळ झालं होतं. "मशीन किती वाजता बंद ठेवू?" असं विचारून आले. फाइल त्यानंतर लावायला घेतली.