नाशिकचा जवळचा समुद्र : डहाणू आणि बोर्डी

नाशिककरांच्या सहलींचा नकाशा बहुधा डोंगरांचा असतो. त्र्यंबक, सप्तशृंगी, भंडारदरा, साल्हेर-मुल्हेर ही नावे घरोघरी परिचयाची. समुद्र पाहायचा झाला, की अलिबाग किंवा गणपतीपुळ्याचा बेत आखला जातो आणि त्यासाठी दोन-तीन दिवसांची सुटी काढावी लागते. पेठ-कपराडामार्गे दमणला जाणारेही पुष्कळ असतात. पण त्या सर्वांनाच समुद्राची ओढ असते, असे म्हणवत नाही. वास्तविक सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असा एक निवांत किनारा नाशिकच्या पश्चिमेस आहे. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार या मार्गाने डहाणू सुमारे १४० किलोमीटरवर आहे आणि तेथून बोर्डीचा किनारा आणखी १७ किलोमीटर.

या दोन ठिकाणांचे नाते आजचे नव्हे. त्याचा दाखला नाशिकमध्येच, पांडवलेणीच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात कोरलेला आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी येथे आपल्या दानांची यादी कोरून ठेवली. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने प्रवाशांसाठी विनामूल्य नावांची सोय केली, काठांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या, असे त्यात म्हटले आहे. यातील दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. याच लेखात नानंगोल गावची ३२ हजार नारळाची झाडे दान दिल्याचा उल्लेख आहे. नानंगोल म्हणजे बोर्डीच्या उत्तरेस, आजच्या गुजरातेत असलेले नारगोळ असावे, असे अभ्यासक मानतात. हे दान गोवर्धन, शूर्पारक आदी ठिकाणच्या चरक साधूंसाठी होते. त्यांतील गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे नालासोपारा. घाटमाथ्यावरील व्यापारी पेठ आणि किनाऱ्यावरील बंदरे यांच्यामधल्या वाटेवर त्या काळी माणसांची किती वर्दळ असेल, याची कल्पना या एका शिलालेखावरून येते. सहलीच्या आदल्या दिवशी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून तो पाहून यावा. दुसऱ्या दिवशी खाडी वेगळी दिसते.

त्र्यंबक सोडल्यावर रस्ता सह्याद्रीची धार ओलांडतो. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेस बंगालच्या उपसागराकडे जाते, तर याच डोंगररांगेतून निघणारी वैतरणा पश्चिमेस अरबी समुद्राला मिळते. आपण वैतरणेच्या बाजूने उतरू लागलो, की हवेत दमटपणा जाणवू लागतो. तोरंगण घाटाची वळणे, मोखाड्याची नाचणी-वरईची उतरती शेते, कुडाच्या भिंतींची घरे हे सारे पाहत जावे. येथे वेगाला वाव नाही आणि घाईचे कारणही नाही. पावसाळ्यात हा टप्पा अतिशय देखणा असतो, परंतु धुक्यात समोरचे वाहन दिसत नाही. त्या दिवसांत अंधार पडण्यापूर्वीच घाट चढून यावे.

जव्हार हे वाटेवरचे विसाव्याचे गाव. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. सुरतेच्या पहिल्या स्वारीवर जाताना, १६६४ च्या सुमारास, शिवाजी महाराजांनी येथील शिरपामाळावर मुक्काम केला, असे सांगितले जाते. गावातला चहा, शिरपामाळ आणि दुरून जयविलास राजवाडा एवढ्यावर समाधान मानावे. जव्हार नीट पाहायचे, तर त्यासाठी स्वतंत्र दिवस हवा.

पुढे कासा आणि चारोटी. येथे मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडावा लागतो आणि तासाभराची शांतता क्षणात मोडते. चारोटीजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीचे मंदिर आहे. चैत्र पौर्णिमेपासून भरणारी तिची यात्रा वारली समाजाची मोठी यात्रा असते. त्या पंधरवड्यात रस्त्यावर गर्दी असते, हे लक्षात ठेवावे. ज्या वारली चित्रांनी आज शहरांतील दिवाणखाने सजतात, त्यांना जगभर नेणारे जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

डहाणू हे खाडीच्या मुखाशी वसलेले जुने बंदर. पोर्तुगीजांचा येथील किल्ला वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये, मराठ्यांनी घेतला. किल्ला म्हणून आज त्यात पाहण्यासारखे फार उरलेले नाही. बंदराचा जिवंतपणा पाहायचा तर धाकटी डहाणूच्या कोळीवाड्याकडे वळावे. दोरीवर टांगलेले बोंबील, दुरुस्तीला काढलेल्या होड्या, जाळी विणत बसलेली वृद्ध माणसे आणि मासळीचे भाव हाताच्या इशाऱ्यांनी ठरवणाऱ्या कोळणी येथे भेटतात. वाळत घातलेल्या मासळीचा वास ज्यांना सहन होत नाही, त्यांनी थेट पारनाक्याच्या किनाऱ्यावर जावे. दुपारचे जेवण गावातच उरकणे सोयीचे.

पारनाक्यापासून बोर्डीचा रस्ता नरपड, चिखले, घोलवड अशी गावे घेत किनाऱ्याच्या कडेने जातो. डाव्या हाताला सुरूची बने आणि उजव्या हाताला चिकूच्या वाड्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे स्थिरावलेल्या इराणी कुटुंबांनी चिकूची लागवड वाढवली. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यात गेल्यास वाडीवरून ताजे चिकू विकत घ्यावेत. एप्रिल-मेमध्ये रस्त्याच्या कडेला ताडगोळे मिळतात.

घोलवडजवळ कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे १९५७ मध्ये या टेकडीवर आले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेणारी ‘अंगणवाडी’ आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ या कल्पना याच परिसरात आकाराला आल्या. देशभर रुळलेल्या एका शब्दाचे हे माहेर. बोर्डीचे नाशिकशी आणखी एक नाते आहे. नाशिकमध्ये मुख्यालय असलेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीचे विद्यालय बोर्डीत १९२० पासून आहे आणि आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक तेथे घडले.

बोर्डीचा किनारा विस्तीर्ण, सपाट आणि करड्या वाळूचा आहे. ओहोटीला पाणी इतके दूर जाते, की नवख्या माणसाला समुद्र कोठे गेला असा प्रश्न पडावा. त्यामुळे येथे येण्याचा दिवस सुटी पाहून नव्हे, तर तिथी पाहून ठरवावा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती असते. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी येते आणि संध्याकाळी पाणी ओसरलेले असते. नाशिकहून येणाऱ्यास पंचमी ते अष्टमी या तिथी अनुकूल. भरती भांगाची, म्हणजे कमी जोराची असते आणि सूर्यास्ताच्या वेळी पाणी किनाऱ्याशी असते. हिशेब अंदाजाचाच असल्याने भरती-ओहोटीचे वेळापत्रकही पाहावे. वाळूवर गाडी नेण्याचा मोह आवरावा. भरती येऊ लागल्यावर रुतलेली गाडी काढणे फार अवघड जाते. पावसाळ्यात पाण्यात उतरू नये.

हाताशी वेळ असेल तर बोर्डीपासून थोड्या अंतरावरील बाहरोटच्या डोंगराकडे दृष्टी टाकावी. संजाणचा पाडाव झाल्यावर, परंपरेनुसार १३९३ च्या सुमारास, पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी इराणशाह येथील गुहांत बारा वर्षे जपला. १७४२ पासून तो उदवाड्याला आहे. डोंगर चढायचा झाल्यास मात्र बोर्डीचा मुक्काम ठरवूनच यावे.

हा किनारा इतका शांत राहिला तो योगायोगाने नव्हे. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९८ मध्ये डहाणूच्या दक्षिणेस वाढवण येथे बंदर उभारण्यास नकार दिला होता. धर्माधिकारींचे २०१९ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने बंदराला अटींसह संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालून नऊ कंटेनर टर्मिनल उभारण्याची ही योजना आहे. रोजगार आणि व्यापार वाढेल, असे सरकारचे म्हणणे. तर मासेमारीची क्षेत्रे जातील, म्हणून मच्छीमार संघटनांचा विरोध. धाकटी डहाणूत होडीपाशी घटकाभर थांबले, तरी हा विषय निघतोच.

नाशिकशी याचा थेट संबंध आहे. वाढवणला समृद्धी महामार्गाशी जोडण्यासाठी इगतपुरीजवळच्या भरवीरपासून डहाणू तालुक्यातील तव्यापर्यंत सुमारे १०५ किलोमीटरचा रस्ता राज्य सरकारने २०२५ मध्ये मंजूर केला. तो झाल्यावर नाशिकहून समुद्र गाठायला लागणारा वेळ कमी होईल. 

कसे जावे : स्वतःचे वाहन सर्वांत सोयीचे, एका बाजूस साडेतीन ते चार तास धरावेत. सकाळी सहाला निघाल्यास अकरापूर्वी डहाणू गाठता येते. रेल्वेने नाशिक रोडहून डहाणूस थेट जाण्याची सोय नाही. मुंबईच्या बाजूने वळसा पडतो. डहाणू रोड स्थानकापर्यंत २०१३ पासून मुंबईची लोकल येते. घोलवड हेही या मार्गावरचे स्थानक. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. परतताना जव्हार-त्र्यंबक टप्प्यात रात्री वर्दळ विरळ असते; इंधन डहाणूतच भरून घ्यावे.