राखीव चौकटीचा इतिहास : ब्रिटनमधील 'पालक आणि मूल' वाहनतळ-जागा, कायदा व रीत

प्रस्तावना

सार्वजनिक जागेचा वापर कोणी, किती वेळ व कोणत्या अधिकाराने करावा, हा प्रश्न नागर संस्कृतीइतकाच जुना आहे. पाणवठा, बाजार, धर्मशाळा व घाट यांच्या वापराचे नियम समाजाने प्रथम रूढीतून घडविले आणि त्यांपैकी काहींना पुढे कायद्याचे रूप मिळाले. विसाव्या शतकात मोटारगाडीने या प्रश्नाला नवे परिमाण दिले, कारण चालत्या मोटारीला जेवढा रस्ता लागतो तेवढीच निकड उभ्या मोटारीला जागेची असते. या जागेच्या वाटपातून ब्रिटनमध्ये एक छोटी, परंतु अभ्यासनीय संस्था उदयास आली. मोठ्या दुकानांच्या वाहनतळावर लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी आखलेली रुंद चौकट, म्हणजेच 'पालक आणि मूल' जागा, ही ती संस्था होय.

या चौकटीवरून तेथे सातत्याने वाद होतात. मूल सोबत नसताना तेथे गाडी लावणे योग्य आहे काय? दहा-अकरा वर्षांचा मुलगा बरोबर असेल तर? गर्भवती स्त्रीचा त्या जागेवर अधिकार आहे काय? हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. तथापि त्यांच्या मुळाशी एक गंभीर ऐतिहासिक प्रश्न आहे. ज्या राखीव जागेमागे दंडशक्ती नाही, ती कशाच्या आधारे टिकते? प्रस्तुत लेखात या चौकटीच्या जडणघडणीचा मागोवा घेऊन त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

उभ्या मोटारीचा प्रश्न

मोटार उभी करण्याच्या जागेला मोल आहे, ही जाणीव प्रथम अमेरिकेत संस्थात्मक रूपात प्रकट झाली. १६ जुलै १९३५ रोजी ओक्लाहोमा सिटी येथे जगातील पहिला पार्किंग मीटर बसविण्यात आला. व्यापारी पेठेतील जागा दिवसभर अडवून ठेवणाऱ्या गाड्यांमुळे गिऱ्हाइकांना थांबता येत नाही, हे त्यामागील कारण होते. ब्रिटनमध्ये मीटर यायला १९५८ साल उजाडले. लंडनच्या मेफेअर भागात ते प्रथम बसविले गेले आणि १९६० मध्ये त्याच शहरात 'ट्रॅफिक वॉर्डन' रस्त्यावर आले. रस्त्यावरील जागेचे नियमन अशा रीतीने शासनाच्या हाती एकवटले.

याच काळात खरेदीची पद्धत बदलत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्वयंसेवा पद्धतीची दुकाने वाढू लागली. १९६४ मध्ये नॉटिंगहॅमजवळील वेस्ट ब्रिजफर्ड येथे आणि १९७२ मध्ये वेल्समधील केअरफिली येथे शहराच्या जुन्या पेठेपासून दूर, मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकांना समोर ठेवून अवाढव्य दुकाने उघडली. अशा दुकानांभोवतीचा विस्तीर्ण वाहनतळ हा सार्वजनिक रस्ता नव्हता. ती दुकानदाराची किंवा जमीनमालकाची खासगी जमीन होती, जरी तेथे दररोज हजारो लोकांची ये-जा असली तरी. वापराने सार्वजनिक व मालकीने खासगी अशा या जागेच्या द्विविध स्वरूपातच पुढील सर्व वादांचे बीज आहे.

कायद्याने दिलेली जागा

राखीव जागेचा पहिला प्रवाह अपंग व्यक्तींच्या हक्कांतून उगम पावला. मजूर पक्षाचे खासदार अल्फ मॉरिस यांनी खासगी विधेयक मांडले आणि त्यातून १९७० चा 'क्रॉनिकली सिक अँड डिसेबल्ड पर्सन्स' कायदा संमत झाला. या कायद्याच्या कलम २१ मध्ये अपंग व्यक्तींच्या वाहनांसाठी बिल्ल्याची तरतूद होती. त्यानुसार १९७१ पासून 'ऑरेंज बॅज' योजना अमलात आली. युरोपात समान नमुना स्वीकारण्यात आल्यानंतर २००० पासून त्याची जागा 'ब्लू बॅज'ने घेतली. ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये या योजनेची व्याप्ती वाढवून, वरकरणी न दिसणाऱ्या अपंगत्वाचाही तिच्या निकषांत स्पष्टपणे अंतर्भाव करण्यात आला.

या प्रवाहाची तीन वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. पात्रता कोणाची हे कायदा ठरवितो, पात्रतेचा पुरावा म्हणून बिल्ला दिला जातो आणि रस्त्यावर त्याचा गैरवापर केल्यास शिक्षा होते. दुकानाच्या खासगी वाहनतळावर ही योजना जशीच्या तशी लागू होत नाही, हे खरे. परंतु तेथेही १९९५ चा अपंगत्व भेदभाव कायदा व त्यानंतरचा २०१० चा समानता कायदा यांमुळे सेवा देणाऱ्यावर वाजवी सोयी करण्याचे बंधन येते. थोडक्यात, अपंगांसाठीच्या चौकटीमागे संसदेचे बळ उभे आहे.

रंगाने आखलेली जागा

'पालक आणि मूल' चौकटीचा प्रवाह निराळा आहे. तिच्यामागे कोणताही स्वतंत्र अधिनियम नाही, पात्रतेचा बिल्ला नाही, की मुलाच्या वयाची सर्वमान्य मर्यादा नाही. अनेक दुकाने बारा वर्षांपर्यंतचे मूल ग्राह्य धरतात, तर काही त्याहून लहान मुलांपुरतीच ही सोय ठेवतात. दुकानदाराने स्वतःच्या जमिनीवर रंगाने आखलेली व फलकाने जाहीर केलेली ही एक सोय आहे.

मग ती निर्माण का झाली? केवळ गिऱ्हाईक आकर्षित करण्याची युक्ती, असे उत्तर देऊन भागणार नाही. व्यापारी हेतू होताच. परंतु गरज खरी होती, आणि ती गरज वाढविण्यात कायद्याचाच मोठा वाटा होता. ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी १९८३ पासून पुढील आसनावर पट्टा बांधणे सक्तीचे झाले. १९८९ मध्ये मागील आसनावरील मुलांसाठीही पट्ट्याची सक्ती आली. सप्टेंबर २००६ पासून, काही मोजके अपवाद वगळता, बारा वर्षांखालील व १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना उंचीनुसार वा वजनानुसार योग्य अशा बालआसनावर बसविणे बंधनकारक झाले. मुलांचे प्राण वाचविणारे हे पाऊल सर्वथा स्वागतार्ह होते.

परंतु त्याचा एक परिणाम वाहनतळावर झाला. पूर्वी मूल हाताला धरून अर्ध्या उघड्या दारातून बाहेर काढता येत असे. आता दार पूर्ण उघडावे लागते, आत वाकावे लागते, पट्ट्याची कुलपे सोडवावी लागतात आणि तान्ह्या बाळाचे आसन पुष्कळदा बाळासह उचलून बाहेर घ्यावे लागते. ब्रिटनमधील नेहमीची चौकट २.४ मीटर रुंद व ४.८ मीटर लांब असते. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या 'मिनी' या गाडीची रुंदी सुमारे १.४ मीटर होती. त्यामुळे शेजारी उभ्या दोन गाड्यांमध्ये जवळजवळ एक मीटर अंतर राहत असे. आजच्या अनेक मध्यम आकाराच्या गाड्या १.८ मीटरच्या आसपास रुंद आहेत. चौकट मात्र फारशी बदललेली नाही. परिणामी दोन गाड्यांमधील अंतर सुमारे ६० सेंटिमीटरवर आले. एवढ्या फटीतून दार पुरते उघडणेही अवघड, मग बालआसन बाहेर काढणे दूरच.

अर्थात, कायद्याने आसन सक्तीचे केले, पण ते आसन हाताळायला लागणारी जागा दिली नाही. ही उणीव दुकानदाराने रंगाच्या डब्याने भरून काढली. अपंगांच्या चौकटीशेजारी १.२ मीटरचा तिरप्या रेषांचा पट्टा असतो, त्याच धर्तीवर लेकुरवाळ्यांसाठीची चौकटही रुंद करण्यात आली. चाकाच्या खुर्चीला जशी शेजारी जागा लागते तशीच बाबागाडीलाही लागते, हे साधर्म्य स्पष्ट आहे. मात्र दोन्हींची निकड सारखीच आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही. मूल मोठे होते आणि गरज संपते. अपंगत्वाचे तसे नसते.

या चौकटीच्या नावातही समाजेतिहास दडलेला आहे. बोलचालीत तिला 'आई आणि बाळा'ची जागा म्हणत. फलकांवर मात्र 'पालक' हा शब्द रूढ झाला. मुलाला बाजारात नेणे हे केवळ आईचे काम नव्हे, ही त्यामागील जाणीव होय. असाच बदल अन्यत्रही दिसतो. दक्षिण कोरियातील सेऊल महानगराने २००९ मध्ये स्त्रियांसाठी गुलाबी रेषांच्या वाहनतळ-जागा आखल्या आणि २०२३ मध्ये त्यांचे रूपांतर गर्भवती, लहान मुले व वृद्ध यांना सोबत आणणाऱ्यांसाठीच्या कुटुंबस्नेही जागांत करण्यास सुरुवात केली. राखीव जागेचा आधार व्यक्ती कोण आहे यावरून ती काय करीत आहे याकडे सरकत गेला, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

दंडाचा प्रयोग आणि त्याची मर्यादा

स्थानिक कौन्सिल स्वतःच्या वाहनतळासाठी १९८४ च्या रस्ता वाहतूक नियमन कायद्याखाली आदेश काढून अशा चौकटींना दंडाचे बळ देऊ शकते. परंतु दुकानांच्या खासगी जमिनीवर ही वाट उपलब्ध नाही. तेथे जमीनमालकांनी प्रथम जॅमरचा आश्रय घेतला. स्कॉटलंडमध्ये १९९२ मधील ब्लॅक विरुद्ध कारमायकल या निवाड्याने खासगी जमिनीवर जॅमर लावून पैसे मागणे बेकायदा ठरविले. इंग्लंड व वेल्समध्ये २०१२ च्या 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स' कायद्यान्वये त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून कायदेशीर अधिकाराविना जॅमर लावण्यास बंदी आली.

त्यानंतर उरला तो कराराचा मार्ग. फलक वाचून गाडी लावणारा त्यावरील अटी मान्य करतो, अशी त्यामागील कल्पना आहे. पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चेम्सफर्ड येथील वाहनतळावर दोन तासांच्या मुदतीपेक्षा ५६ मिनिटे अधिक थांबल्याबद्दल आकारलेले ८५ पौंड वैध ठरविले. हा खटला मुदतीचा होता, 'पालक आणि मूल' जागेचा नव्हे. तथापि वाहनतळाचे सुव्यवस्थित नियमन करण्यात मालकाचे न्याय्य हित असते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. पुढे खासगी वाहनतळांसाठी आचारसंहिता करण्याकरिता २०१९ मध्ये कायदा झाला. त्याखाली फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली संहिता त्याच वर्षी जूनमध्ये मागे घ्यावी लागली.

या घडामोडींवरून असे दिसते की, दंडाची वाट पूर्णपणे बंद नाही. पण ती अरुंद व वादग्रस्त आहे. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपू शकतो, मागच्या आसनावर झोपलेले मूल नव्हे. दुकानात असलेल्या आईकडे किंवा आजीकडे मूल आहे व गाडी त्यांनाच न्यायला आली आहे, हेही त्याला कळत नाही. परिणामी या चौकटीचे राखण व्यवहारात शेजारच्या माणसाच्या नजरेवर येऊन पडते.

रेल्वेच्या राखीव डब्याशी तुलना

येथे मराठी वाचकाच्या परिचयातील एका व्यवस्थेशी तुलना उद्बोधक ठरेल. मुंबईच्या लोकलमधील स्त्रियांचा डबा ब्रिटिश राजवटीतील कायद्याच्याच परंपरेतून आलेला आहे. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या कलम ६४ ने प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी किमान एक कप्पा राखण्याचे बंधन घातले होते. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ५८ ने ते तत्त्व पुढे चालविले. तेथे हक्काला कायद्याचा आधार आहे व उल्लंघनाला शिक्षा आहे. मात्र त्याच गाडीच्या सर्वसाधारण डब्यात कडेवर मूल असलेल्या बाईला कोणी उठून जागा देतो, तेव्हा त्यामागे कोणतेही कलम नसते. 'पालक आणि मूल' चौकट ही या दोहोंच्या मधली आहे. फलकामुळे ती हक्कासारखी दिसते, पण टिकते ती उठून जागा देणाऱ्याच्या रीतीवर. या दिसण्यातील व असण्यातील तफावतीमुळेच त्या चौकटीवरून भांडणे होतात. एक बाजू हक्काची भाषा बोलते, तर दुसरी कायदा कोठे आहे, असे विचारते; आणि आपापल्या जागी दोघांचेही म्हणणे खरे असते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अपंगांसाठीची चौकट हक्कातून, तर 'पालक आणि मूल' चौकट सोयीतून जन्मली. पहिलीचा गैरवापर हा हक्कभंग आहे, दुसरीचा प्रामुख्याने शिष्टाचारभंग. दोन्हींना एकाच मापाने मोजणे इतिहासाला धरून नाही.

२. ही सोय दुकानदाराची मर्जी म्हणून सोडून देता येणार नाही. बालसुरक्षेच्या कायद्याने निर्माण केलेल्या व वाढत्या गाड्यांनी तीव्र केलेल्या गरजेला तिने उत्तर दिले आहे.

३. या जागेचे कारण दाराची रुंदी हे आहे. पालकत्वाचा मान हे नव्हे. म्हणून मूल घरी ठेवून आलेल्या पालकाला तिच्यावर नैतिक अधिकार नाही, तर नातवाला घेऊन आलेल्या आजोबांना आहे. स्वतः दार उघडून उतरणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलासाठी ती अडविणे फलकाच्या अक्षराला धरून असले, तरी तिच्या हेतूला धरून नाही. उलट, अरुंद फटीतून बाहेर पडू न शकणाऱ्या गर्भवतीचा दावा फलकावर नसला, तरी हेतूत बसतो.

४. रुंदी हे मुख्य कारण असेल, तर या चौकटी दुकानाच्या दारालगतच असाव्यात, हे ओघाने येत नाही. थोड्या अंतरावर, परंतु सुरक्षित पायवाटेला लागून त्या आखल्यास केवळ जवळची जागा शोधणाऱ्यांचा मोह आपोआप कमी होईल आणि दारालगतची जागा ज्यांना चालणे कठीण आहे त्यांच्यासाठी मोकळी राहील.

कायद्याचे बळ नसलेली प्रत्येक रीत दुर्बल असते, असे मानण्याकडे आधुनिक मनाचा कल आहे. या चौकटीचा इतिहास त्या समजुतीला मर्यादा घालतो. जॅमर गेला, संहिता मागे घेतली गेली, तरी मोकळी रुंद चौकट समोर दिसत असताना पुढे जाऊन अरुंद जागी गाडी लावणारे लोक आहेत, म्हणूनच ती चौकट अजून उपयोगी पडते. मात्र अशी रीत टिकायची असेल, तर तिचे कारण लोकांना ठाऊक असले पाहिजे. कारण विस्मरणात गेले, की उरतो तो केवळ फलक. आणि नुसत्या फलकावरून वाद तेवढे होतात.