प्रत आणि पडताळा

डेटाबेसची प्रत ही नेहमीच छायाचित्रासारखी नसते. पोस्टग्रेस प्रणालीतील ‘पीजी-डंप’ हे आज्ञा टंकून चालवावयाचे साधन मूळ संग्रहाचे बहुधा एस्क्यूएल भाषेतील विधानांत रूपांतर करते. ती विधाने क्रमाने अमलात आणली म्हणजे संग्रह पुन्हा उभा राहतो. अशी प्रत ही एक संहिताच होय, आणि संहितेची प्रामाणिकता वाचनावाचून सिद्ध होत नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या मुख्य डेटाबेसमधील सुमारे ३०० गिगाबाइट सामग्री, भलत्याच यंत्रावर दिलेल्या एका आज्ञेने पुसली गेली. तेव्हा असे आढळून आले की, पीजी-डंपने घ्यावयाच्या दैनंदिन प्रती निघतच नव्हत्या. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, तर साधन ९.२ चे, आणि आपल्याहून नव्या आवृत्तीचा संग्रह उतरून घेण्यास हे साधन नकार देते. अपयश कळविणारे ईमेलही वाटेतच नाकारले गेल्याने कोणाच्या हाती पडले नव्हते. अखेर चाचणीसाठी सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. मधल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

साधनाने नकार स्पष्टपणे दिला होता. तो ऐकण्याची व्यवस्था नव्हती. तात्पर्य, जिच्यावरून मूळ संग्रह एकदाही उभारून पाहिलेला नाही, तिला प्रत म्हणणे धाडसाचे ठरेल.