लेफ्टनंट विल्फ्रेड ओवेन याचें दप्तर

रणांगणावर पडलेल्या तरुण अंमलदाराचे कागद बहुधा त्याच्या घरींच राहतात. घरच्यांस ती आठवण असते. संशोधकास तें साधन असतें. या दोन दृष्टींच्या ओढाताणींत काय राहतें व काय जातें, हें विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीच्या दप्तरावरून चांगलें कळतें. म्हणून त्याची हकीकत आम्ही येथें देत आहों.

ओवेन याचा जन्म १८ मार्च १८९३ रोजीं ऑस्वेस्ट्री येथें झाला. मँचेस्टर रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणींत असतां, ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं फ्रान्सांतील ओर्स गांवाजवळ सांब्र-वाझ कालव्यावरील लढाईंत तो ठार झाला. वय अवघें २५. मृत्यूची तार श्रूजबरी येथें आईबापांच्या हातीं पडली ती ११ नोव्हेंबरास, म्हणजे युद्ध थांबलें त्याच दिवशीं.

त्याच्या हयातींत छापलेल्या कविता बोटांवर मोजण्याइतक्याच. सीगफ्रीड ससून याच्या प्रस्तावनेसह पहिला संग्रह १९२० सालीं निघाला. १९३४ सालीं कवितांचीं मुख्य हस्तलिखितें ब्रिटिश म्युझियमकडे आलीं. आज तीं ब्रिटिश लायब्ररींत आहेत. परंतु एकेका कवितेचे अनेक खर्डे, आणि पुष्कळांवर मिति नाहीं. तेव्हां आधीचा कोणता व नंतरचा कोणता?

हा उलगडा घरगुती पत्रांनीं केला. ओवेन यानें आईस लिहिलेलीं ५०० हून अधिक पत्रें तिनें जपून ठेविलीं होतीं. पत्रांचा काळ ठाऊक होता. कागद उजेडासमोर धरतां दिसणारीं जलचिन्हें खर्ड्यांच्या कागदाशीं ताडून जॉन स्टॉलवर्दी यांनीं १९८३ च्या आपल्या आवृत्तींत कवितांचा कालक्रम लाविला. खुशालीचीं पत्रें अशीं कामास आलीं.

आईच्या पत्रव्यवहारांतूनच आणखी एक गोष्ट उजेडांत आली. मुलाचें टिपणवहीचें पुस्तक तिजकडे परत आलें, त्यांत रवींद्रनाथ ठाकुरांच्या ओळी, खालीं त्यांच्या नांवासह, उतरलेल्या होत्या. १९२० च्या ऑगस्टांत तिनें स्वतः रवींद्रनाथांस पत्र लिहून, ती कविता कोणत्या पुस्तकांत आहे, अशी पृच्छा केली. ती 'गीतांजली'च्या इंग्रजी आवृत्तींतील होती.

आतां दुसरी बाजू. ओवेन याच्याच इच्छेवरून आईनें त्याचे पोतेंभर कागद जाळले. पुढें भाऊ हॅरल्ड यानें पत्रांतील कित्येक ओळी शाईनें खोडल्या. १९६७ सालीं पत्रसंग्रह छापला गेला तेव्हां त्यांत त्या जागीं खंड पडले. घराण्याच्या अब्रूची काळजी आम्हांस समजते. परंतु खोडलेल्या ओळीविषयीं वाचक तर्क करीतच राहतो, व तो तर्क मूळ मजकुराहून सौम्य असेल याचा भरंवसा नाहीं.

कागद झांकून ठेवितां येतो, मुदत घालून ठेवितां येतो. जाळलेला मात्र परत मिळत नाहीं. आमच्या संग्राहक मित्रांस विनंति इतकीच कीं, रुमाल सोडतांना क्षेमकुशलाचें पत्र अथवा कोरा बंददेखील निरुपयोगी म्हणून टाकूं नये. मिति नसलेल्या मोठ्या कागदाची मिति कदाचित् त्यांतच असेल.