पराभवानंतरची आशा

खेळाचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या बाजूने लिहिला जातो. करंडक कोणी उंचावला हे पुस्तकांत राहते. हरलेल्यांचे चाहते त्या रात्री घरी कसे परतले आणि पुढच्या वर्षी पुन्हा मैदानाकडे का वळले, याची नोंद क्वचितच होते. आमच्या औशात फुटबॉलचे वेड फारसे नाही. तरीही या दुसऱ्या इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते.

गोव्यात हा खेळ रुजला तो एका धर्मगुरूमुळे. प्रकृतिस्वास्थ्यासाठी आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी 1883 साली शिवोली येथे मुलांच्या हाती, किंबहुना पायी, हा चेंडू दिला असे मानले जाते. पुढे चर्चजवळच्या मोकळ्या जागांवर आणि कापणी झालेल्या शेतांत तो गावोगावी पोहोचला. बंगालची परंपरा मात्र अधिक बलाढ्य होती. 1941 साली सुरू झालेल्या संतोष करंडकाचे नावही अविभाजित बंगालमधील संतोष येथील जमीनदार घराण्यावरून पडलेले. 1982-83 मध्ये अंतिम सामना बरोबरीत सुटून गोवा व बंगाल संयुक्त विजेते ठरले. 1983-84 मध्ये गोव्याने हा करंडक प्रथमच एकट्याने जिंकला. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक ज्या संघापाशी होता, त्याच्याविषयी चाहत्यांच्या अपेक्षा उंचावल्या यात नवल ते काय?

त्यानंतर कसोटीची वर्षे आली. 1995-96 पासून 1998-99 पर्यंत लागोपाठ चार वेळा गोवा अंतिम फेरीत पोहोचला आणि चारही वेळा बंगालकडूनच हरला. पहिले तीन पराभव एकेका गोलाचे होते. चौथ्या वेळी, चेन्नईत, बंगालने पाच गोल केले. गोव्याला एकही करता आला नाही. एकदा हरणे सोसता येते. परंतु त्याच प्रतिस्पर्ध्याकडून, त्याच पायरीवर, चौथ्यांदा हरणाऱ्याच्या मनात ‘हे आपल्या नशिबीच नाही’ असा विचार घर करू लागतो.

नेमक्या त्याच 1998-99 च्या हंगामात साळगांवकर संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. हा मान मिळवणारा तो गोव्याचा पहिला क्लब. पराभवाच्या धुळीत जे दिसत नव्हते, ते गावोगावच्या मैदानांवर तयार होतच होते. 2005-06 मध्ये गोव्याने महाराष्ट्राला नमवून संतोष करंडक मिळवला. 2008-09 मध्ये तर चेन्नईतच, अंतिम सामन्यात, बंगालला टायब्रेकरवर हरवले. जुन्या जखमेवर फुंकर घातली जाण्यास दहा वर्षे लागली. कथा तेथे संपली मात्र नाही. 2017 साली बांबोळीच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, जादा वेळेच्या अखेरीस बंगालने पुन्हा एका गोलाने बाजी मारली. खेळात कोणताही विजय कायमचा नसतो, आणि पराभवही.

हे न उमगल्याने काय घडू शकते, ते कोलकात्याने पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1975 रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा पाच-शून्य असा धुव्वा उडवला. ते दुःख असह्य होऊन मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आपले जीवन संपवले. अवघ्या दोन वर्षांनी, 1977 मध्ये, त्याच मोहन बागानने आयएफए शील्ड, मुंबईचा रोव्हर्स करंडक आणि ड्युरँड करंडक एकाच हंगामात जिंकले. पेले ज्या संघातून खेळत होते त्या न्यूयॉर्क कॉसमॉसला दोन-दोन असे बरोबरीत रोखले. तो तरुण हे पाहायला हवा होता. त्याच्या निष्ठेविषयी शंका नाही. परंतु त्या रात्री त्याच्याजवळ बसून ‘उद्या पुन्हा बोलू’ असे म्हणणारे कोणी असते तर, हा विचार मनातून जात नाही.

30 सप्टेंबर ही तारीख आमच्या तालुक्याला निराळ्या कारणाने ठाऊक आहे. 1993 साली त्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात हजारो माणसे गेली. खेळातील हारजीत आणि तो आघात यांची तुलना करणे योग्य होणार नाही. इतकेच म्हणतो की, ज्या मातीत माणसांनी ढिगाऱ्यांतून वाचलेली भांडी वेचली, पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा चुली पेटवल्या आणि रब्बीची पेरणी केली, तिथे आशा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. आशा हात बांधून वाट पाहत बसत नाही. ती उद्याचे काम आज हाती घेते.

आपल्या घरांतील मुलेही आता दूरदर्शन संचासमोर बसून कोणत्या ना कोणत्या संघाला आपले म्हणतात आणि तो हरला की जेवणावरून उठतात. त्यांच्या दुःखाला हसू नये. प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या खेळाचे कौतुक करण्यास त्यांना शिकवावे, आणि दुसऱ्या दिवशी चेंडू देऊन मैदानावर पाठवावे. गोव्याने चार पराभवांनंतर हेच केले.